माघार घेणारा तर्क

विशाखा आमच्या प्रयोगशाळेत रुजू झाली त्या दिवशी तिने माझा नव्वद ओळींचा प्रोग्रॅम बारा ओळींत बसवला आणि मग विचारलं, ‘‘इथे प्यायचं पाणी कुठे असतं?’’

मी बोट दाखवलं. ती बाटली भरायला गेली तेवढ्यात मी त्या बारा ओळी तीनदा वाचल्या. एखादी चूक सापडली असती तर माझा दिवस चांगला गेला असता. सापडली नाही.

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारे बहुतेक जण निवृत्त असतात. त्यांची भांडणं मिटलेली असतात आणि ज्यांच्याशी भांडण होतं ती माणसं बदली होऊन कुठेतरी गेलेली असतात. माझं तसं नाही. मी एकतीस वर्षांची आहे, नोकरी चालू आहे, आणि जिच्याबद्दल लिहिते आहे ती माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसते. हे छापून आलं की ती वाचेल. वाचावं. आमच्या घरात जे तोंडी सांगून भागत नसे ते छापून वाटायची पद्धत होती.

माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं लिहीत. गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांचे गठ्ठे घरात पलंगाखाली असायचे. मी अक्षरं त्यांवर शिकले आणि गणितं त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर सोडवली. एका बाजूला लसावि, दुसऱ्या बाजूला ‘कामगार एक पाऊलही मागे हटणार नाही’. माझं नाव क्रांती ठेवलं ते त्याच भरात. प्रयोगशाळेत मी रजा टाकली की फळ्यावर कोणीतरी लिहून ठेवतं, ‘क्रांती सोमवारपर्यंत पुढे ढकलली आहे’. अक्षर विशाखाचं असतं.

अशा घरातली मुलगी पुढे जे शास्त्र शिकली, त्यात मागे हटणं हाच मुख्य धडा आहे. बाबांना हे मी अजून नीट समजावू शकलेले नाही. वाचकांना प्रयत्न करून बघते.

शाळेतल्या गणितात एकदा सिद्ध झालेलं सिद्धच राहतं. कितीही नवी माहिती आणा, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज बदलत नाही. रोजचं जगणं असं चालत नाही. मी तुम्हाला सांगितलं की आमच्या ओळखीच्या एकाने घरामागे पक्षी पाळलेत, तर तुम्ही धरून चालाल की ते उडत असणार, वरून जाळी लागेल. मग मी सांगते की ते ईमू आहेत, शहामृगासारखे न उडणारे. तुम्ही आपला निष्कर्ष मुकाट्याने मागे घेता. तुमचा पहिला विचार चुकीचा नव्हता. होती तेवढ्या माहितीवर तो बरोबर होता. नवी माहिती आली, त्याने माघार घेतली. परदेशी पुस्तकांत या ठिकाणी पेंग्विनचं उदाहरण असतं. आमच्या जिल्ह्यात पेंग्विन कोणी पाळलेला नाही, ईमू पाळून पस्तावलेले दोघे तर माझ्याच ओळखीत आहेत.

याला इंग्रजीत नॉनमोनोटोनिक रीझनिंग म्हणतात. मी माघार घेणारा तर्क म्हणते. आणि हा तर्क यंत्राला ज्या पद्धतीने शिकवतात तिला लॉजिक प्रोग्रॅमिंग म्हणतात. त्यात यंत्राला ‘आधी हे कर, मग ते कर’ असं सांगायचं नसतं. काय खरं आहे आणि कशावरून काय ठरतं, एवढंच लिहायचं. तथ्यं आणि नियम. जुळवाजुळव यंत्र करतं.

‘‘म्हणजे ते फोनमध्ये गप्पा मारतं, तसलं?’’ माझी मावशी दर गणपतीत विचारते.

तसलं नाही. गप्पा मारणाऱ्या यंत्राला ‘हे कशावरून म्हणालास?’ असं विचारलं तर ते आणखी गप्पा मारतं. आमचं यंत्र नियमावर बोट ठेवून दाखवतं. पण जगाला सध्या गप्पा हव्या आहेत. त्या लोकांकडे थंडगार हॉल आहेत, यंत्रांच्या रांगा आहेत. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे पाच टेबलं, एक फळा आणि वाऱ्यापेक्षा आवाज जास्त करणारा पंखा आहे. मला त्या लोकांचा हेवा वाटतो. पण तो लांबचा, पेपर वाचून वाटणारा हेवा आहे. जवळचा हेवा विशाखाचा.

ती कळवणची. वडिलांचा कांद्याचा व्यापार. मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं की व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला माणसांचं काही पडलेलं नसणार. हा निष्कर्ष मला फार सोयीचा होता, म्हणून मी तो कधी तपासला नाही. ती दुपारी साडेअकराला येते, मी साडेनऊला. ती नखं कुरतडत खिडकीबाहेर बघत बसते आणि मग वीस मिनिटं लिहिते. मी दिवसभर लिहिते आणि संध्याकाळी त्यातलं निम्मं खोडते. पिंगळे सर, आम्हा दोघींचे शिक्षक आणि आता प्रमुख, तिचे नियम छापून घेऊन उभ्याने वाचतात आणि मधेच ‘‘वा’’ म्हणतात. माझे बसून वाचतात. हा फरक दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलेला नाही. मी सात वर्षं बघते आहे.

एक प्रसंग सांगते. निफाडकडचे एक द्राक्ष निर्यातदार आमच्याकडे आले होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. बागेत कुठलं औषध कधी फवारायचं, तोडणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, पाऊस पडला तर काय, पानांवर भुरीचा रोग दिसला तर काय, हे सगळं त्यांना कॉम्प्युटरकडून हवं होतं, कारण सतरा बागांचे सतरा जण सतरा तऱ्हेने वागत. मी तीन दिवस त्यांना प्रश्न विचारले. नियम, नियमाला अपवाद, अपवादाला अपवाद. फळा भरला, भिंतीवर कागद चिकटवले. अण्णा म्हणाले, ‘‘ताई, लय फाटे फुटायला लागले आता. आमचा वेल बरा.’’

चौथ्या दिवशी विशाखा आली, उभ्याउभ्या फळा वाचला आणि म्हणाली, ‘‘अण्णा, यातला कुठला नियम तुम्ही मेलात तरी मोडणार नाही?’’

‘‘तोडणीच्या आधीचे दिवस,’’ अण्णा लगेच म्हणाले. ‘‘ते मोडलं तर मालात औषध सापडतं, आख्खा कंटेनर माघारी.’’

‘‘मग तो सगळ्यात वर. बाकीचे त्याच्या खाली. दोघांचं भांडण झालं तर वरचा जिंकेल.’’

तिने फळ्याचा निम्मा भाग पुसला. त्यातले फाटे खरंच लागत नव्हते. अण्णा माझ्याकडे वळून अगदी निर्मळपणे म्हणाले, ‘‘मग ताई, तुम्ही तीन दिवस काय विचारत होत्या?’’

त्यानंतर वसतिगृहाचं काम आलं आणि मी सरांना सांगून टाकलं की हे माझं एकटीचं.

काम असं होतं. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, सुरगाणा-पेठच्या डोंगरात, भात आणि नागली निघाली की कित्येक घरं बंद होतात. माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात आणि चार महिने बागेच्या कडेला पाल ठोकून राहतात. अशा घरांतल्या मुलींना कॉलेजसाठी नाशिकला राहता यावं म्हणून एका संस्थेने वसतिगृहात जागा राखून ठेवल्या होत्या. अर्ज जास्त, जागा कमी. अर्जांची छाननी आमच्या नियमांनी व्हायची होती. नियम संस्थेचेच, आम्ही ते यंत्राला कळतील असे लिहायचे. मला वाटलं, हे काम माझ्यासाठीच जन्माला आलं आहे. कांद्याच्या पेढीवर वाढलेल्या मुलीने यात हात घालू नये.

कुटुंब हंगामात स्थलांतर करतं, याला पुरावा म्हणून सरपंचांचा दाखला मागितला होता. तो हंगामातल्याच तारखेचा हवा, कारण मागाहून दाखले जमवले जातात असा संस्थेचा अनुभव. मी नियम लिहिला: दाखला असेल तर स्थलांतर आहे. दाखला सापडला नाही तर स्थलांतर नाही.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या पद्धतीत यंत्राला एखादी गोष्ट सापडली नाही की ते ती नाहीच असं धरतं. ऐकायला आगाऊपणा वाटतो, पण आपणही तेच करतो. सीबीएस बसस्थानकावर वेळापत्रकाच्या फलकावर तीन वाजताची कळवण गाडी लिहिलेली नसेल तर आपण म्हणतो, तीनची गाडी नाही. बरोबरच आहे, कारण त्या फलकावर सगळ्या गाड्या लिहायच्या असतात. पण मैत्रिणीचा फोन लागला नाही म्हणून ती जगात नाही, असं आपण म्हणत नाही. पहिल्या ठिकाणी न सापडणं म्हणजे नसणं. दुसऱ्या ठिकाणी न सापडणं म्हणजे फक्त न सापडणं. माझ्या धंद्यातलं निम्मं शहाणपण हे ओळखण्यात आहे की समोर फलक आहे की फोन.

मला हे येत होतं. परीक्षेत आलं असतं तर मी पूर्ण गुण मिळवले असते.

आमच्याकडे एकीने लिहिलेले नियम दुसरीने वाचून शेरा द्यायची पद्धत आहे. विशाखाने शेरा लिहिला: ‘दाखला नाही म्हणजे स्थलांतर नाही असं ठरत नाही. माहीत नाही, असं ठरतं. तिसरं उत्तर ठेव. फाइल जोडली आहे.’

नेमक्या त्याच आठवड्यात तिचा निबंध एका परदेशी परिषदेत स्वीकारला गेला होता. विषय हाच. ‘नाही हे माहीत आहे’ आणि ‘आहे की नाही हे माहीत नाही’, हे दोन्ही एका प्रोग्रॅममध्ये एकमेकांच्या पायात न येता कसे नांदवायचे. सरांनी पेढे आणले होते. माझा निबंध त्याच परिषदेने परत पाठवला होता, दोन वाक्यांत. मी पेढा कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि तिचा शेरा वाचून तिच्या टेबलाशी गेले.

‘‘फॉर्म संस्थेचा आहे, अट संस्थेची आहे,’’ मी म्हटलं. ‘‘यात तुझा निबंध घुसवायची गरज नाही.’’

‘‘निबंध कुठे घुसवतेय? अगं, सगळ्यांपर्यंत दाखला पोचतो हे तुला कोणी सांगितलं?’’

‘‘आणि ‘माहीत नाही’ हे उत्तर मी कोणाला देणार नाही. ‘माहीत नाही’ म्हणूनच कचेऱ्या लोकांना वर्षानुवर्षं झुलवतात. होय तर होय, नाही तर नाही. निदान माणूस भांडायला मोकळा होतो.’’

‘‘पत्रकात छान दिसेल हे,’’ विशाखा म्हणाली. ‘‘यंत्रात नको.’’

सर म्हणाले, ‘‘काम क्रांतीचं आहे. तिने ठरवावं.’’

मी शेऱ्यासमोर ‘अमान्य’ असं लिहिलं. मी त्या दिवशी जे बोलले ते सगळं मला पटलेलं होतं, आजही पटतं. पण मी ते त्यासाठी बोलले नव्हते. तीच सूचना दुसऱ्या कोणी केली असती तर मी पाच मिनिटांत मानली असती.

यादी बुधवारी लागली. सोमवारी प्रतीक्षायादीतल्या मुलींना बोलावून उरलेल्या जागा भरायच्या होत्या. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला एक मुलगी जिना चढून थेट आमच्या दारात आली. पाठीला सॅक, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. सुरगाण्याच्या पलीकडच्या गावची, यमुना. बारावी विज्ञान, नर्सिंगला प्रवेश मिळालेला. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी तिला सांगितलं होतं की नावं आम्ही काढली नाहीत, कॉम्प्युटरने काढली, आणि कॉम्प्युटर गंगापूर रोडला असतो.

‘‘कॉम्प्युटर कोनता?’’ तिने विचारलं.

‘‘मीच,’’ मी म्हटलं. ‘‘बस.’’

ती बसली नाही. ‘‘मॅडम, माझं नाव कशापायी गळालं? आमी लहानपनापासून द्राक्षाला जातो. माझी दहावीची परीक्षा मी बागंतून येऊन दिली.’’

मी अर्ज उघडला. ‘‘दाखला नाही जोडलेला. सरपंचांचा.’’

‘‘सरपंचबाई आमच्याच टोळीत व्हत्या.’’

मला आधी समजलं नाही. ‘‘म्हणजे?’’

‘‘म्हंजे त्या पन द्राक्षाला व्हत्या. आमच्या शेजारच्या पालात. शिक्का गावात, कुलूप लावलेल्या कपाटात. जानेवारीत गावात कोन असतं? म्हातारी मानसं नि कुत्री. ग्रामसेवकाकडं तीन गावं, तो कुलूप बघून माघारी जातो. कागद द्यायचा कोनी?’’ मग ती म्हणाली, ‘‘शेजारच्या गावच्या दोघींना भेटला दाखला. त्यांचं गाव निम्मंच जातं ना. सरपंच घरी असतो.’’

मी खुर्चीत मागे टेकले. संस्थेने अट घातली, मी तिचा नियम केला, यंत्राने तो प्रामाणिकपणे लावला. ज्या गावातून निम्मी माणसं जातात तिथे दाखला द्यायला कोणी उरतं. ज्या गावातून सगळीच जातात तिथे कोणी उरत नाही. जे सगळ्यांत जास्त जात होते त्यांच्याबद्दल माझ्या प्रोग्रॅमने ठरवलं होतं की हे कुठेच जात नाहीत. यमुनाने अर्जाच्या शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलंही होतं, ‘हंगामात आमचे गाव बंद असते’. तो रकाना वाचायचा नियम मी लिहिला नव्हता.

‘‘नाय झालं तर?’’ मी विचारलं. मुद्दाम नाही, तिच्या बोलण्याचं वळण तोंडात आलं.

‘‘नाय झालं तर काय. रोज येऊनजाऊन होत नाय तिकडून. आई म्हनते, कात्री हाये घरात.’’

ती द्राक्षाच्या छाटणीच्या कात्रीबद्दल बोलत होती. मी तिला सांगितलं, सोमवारच्या आत बघते. तिने विचारलं, ‘‘तुमच्या हातात हाये का?’’ मी हो म्हटलं.

विशाखा मुंबईला होती, व्हिसाच्या कामाला. मला बरं वाटलं, कारण ती यायच्या आत मला हे माझ्या पद्धतीने दुरुस्त करायचं होतं. मी अपवाद लिहिला: सरपंच गावात नसतील तर दाखल्याची गरज नाही. पण सरपंच गावात नाहीत हे यंत्राला कळणार कशावरून? दाखल्यावरून. आणि तो देणार कोण? सरपंच. माझा नियम आपलीच शेपटी धरून गोल फिरायला लागला. मग मी त्या तालुक्यापुरती दाखल्याची अटच काढून टाकली. त्याबरोबर सुरगाण्याच्या बाजारपेठेत पिढीजात दुकान असलेल्या घरची मुलगी स्थलांतरित ठरून यादीत वर आली. शुक्रवारी दुपारपर्यंत माझे सात अपवाद झाले होते आणि प्रत्येकाने एक नवीन अन्याय केला होता.

विशाखाची फाइल माझ्याच फोल्डरमध्ये पडलेली होती. मी तिला ‘अमान्य’ लिहिलं होतं, पण काढून टाकली नव्हती. उघडली. मोजून चौदा ओळी. दाखला असेल तर होय. घर वर्षभर उघडं असल्याचा पुरावा असेल तर नाही. दोन्ही नसेल तर ‘माहीत नाही, विचारा’. आणि ज्याच्यापुढे ‘विचारा’ आहे त्याची जागा विचारून होईपर्यंत दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. हे शेवटचं मला कधीच सुचलं नसतं. ‘माहीत नाही’ म्हणून झुलवण्यावरचा उपाय तिने त्याच्या आतच घालून ठेवला होता, आणि मी तिला त्याच मुद्द्यावर भाषण दिलं होतं.

कोणाला विचारायचं, ती ओळ मोकळी होती. शेजारी तिने टीप लिहिली होती: ‘हे क्रांतीला जास्त कळेल.’

मी फाइल चालवली. ती एका दमात चालली. सात अर्ज ‘नाही’मधून उठून ‘विचारा’मध्ये गेले, दुकानवाल्यांची मुलगी आपल्या जागी परत गेली. मी त्या टिपेकडे बघत बसले. तिने मला वाईट वागवलं असतं तर मला किती सोपं गेलं असतं.

मग फोन केला.

‘‘बोल कॉम्रेड. रांगेत आहे, लवकर.’’

‘‘तुझी फाइल लावतेय.’’

‘‘कुठली?’’

मी जिच्याशी पंधरा दिवस मनातल्या मनात भांडत होते, तिला ती फाइल आठवतही नव्हती.

‘‘वसतिगृहाची.’’

‘‘अच्छा, ती. चालली?’’

‘‘चालली.’’

‘‘शेवटची ओळ मोकळी आहे बघ. मला काही सुचलं नव्हतं.’’

‘‘मी भरते.’’

‘‘भर. नंबर आला माझा, ठेवते.’’

ती ओळ मी यमुनाला विचारून भरली. ती म्हणाली, बागायतदाराकडे हजेरीची वही असते, त्यात टोळीतल्या प्रत्येकाचं नाव आणि रोजची खूण असते. हा कागद कोणी मागितलाच नव्हता, आणि तो प्रत्येक बागेत होता. शुक्रवारची दुपार आणि संध्याकाळ मी फोनवर काढली. दिंडोरीच्या एका बागायतदाराने वही काढून मला महिन्यांमागून महिने वाचून दाखवले आणि वर म्हणाले, ‘‘यमुनाची आई ना? तिच्यासारखा घड कोणी विरळत नाही. पोरगी शिकते का? शिकू द्या.’’ सातपैकी पाच जणींचा पुरावा मिळाला.

शनिवारी सकाळी सरांनी संस्थेला द्यायचं पत्र तयार करून ठेवलं होतं. ‘तांत्रिक अडचणीमुळे यादीत काही त्रुटी राहिल्या असून सुधारित यादी सोबत जोडली आहे.’ मी पत्र घेऊन रेक्टरबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

‘‘तांत्रिक अडचण म्हणजे काय झालं?’’

‘‘नियमात चूक होती.’’

‘‘कोणाची? हे बघा, आमच्या घटनेत लिहिलंय. छाननी करणाऱ्याची चूक असेल तरच लागलेली यादी बदलता येते. अर्जदाराचा कागद कमी पडला असेल तर पुढच्या वर्षी या. यात तर कोणाचंच नाव नाही. आणि बुधवारी एक यादी, आज दुसरी. आजची बरोबर कशावरून? सोमवारी तुम्ही तिसरी आणाल.’’

त्यांचा प्रश्न योग्य होता. आणि त्याला एकच उत्तर होतं, जे मला द्यायचं नव्हतं. आजची यादी बरोबर, कारण ज्या नियमाने ती झाली तो नियम पहिली यादी लागण्याच्या आधीच एका व्यक्तीने लेखी दिला होता, आणि मी तो कारण नसताना नाकारला होता. शेरा होता, तारीख होती, माझ्या अक्षरात ‘अमान्य’ होतं. नुसतं ‘माझी चूक झाली’ एवढं लिहून भागलं असतं तर मी आनंदाने लिहिलं असतं. चूक कबूल करण्यात एक ऐट असते आणि ती मला घरातून मिळालेली आहे. पण चूक माझी आणि बरोबर विशाखा, हे दोन्ही एका कागदावर लिहिल्याशिवाय यमुनाला खाट मिळणार नव्हती.

मी त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलं. सरांचं पत्र बाजूला ठेवलं. ‘पहिल्या यादीतली चूक छाननी करणारीची, म्हणजे माझी आहे. दाखला नसणे आणि स्थलांतर नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या सहकारी विशाखा यांनी मला यादीआधी लेखी कळवले होते. त्यांची सूचना मी मानली नाही. सुधारित यादी त्यांच्या नियमांनुसार आहे.’ शेवटी सही. मी आयुष्यात शेकडो पत्रकं वाचली आहेत, बरीच लिहिलीही आहेत. स्वतःविरुद्धचं हे पहिलं. शेऱ्याची छापील प्रत सोबत जोडली.

रेक्टरबाईंनी दोनदा वाचलं. ‘‘का नाकारली सूचना?’’ त्यांनी सहज विचारलं.

‘‘कारण लिहायलाच हवं का?’’

‘‘नको,’’ त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.

पाच मुलींची नावं यादीत आली. उरलेल्या दोघींपैकी एकीचा फोन लागत नव्हता, एकीच्या बागायतदाराने वही फेकून दिली होती. त्यांच्या जागा संस्थेने आठवडाभर अडवून ठेवल्या, पण त्या आल्या नाहीत. पहिल्या यादीत नाव नाही हे बघून त्या परत गेल्या असाव्यात. असाव्यात, एवढंच मला म्हणता येतं. त्यांची नावं मला पाठ आहेत.

संस्थेने पुढच्या वर्षीचं काम विशाखाकडे दिलं. सरांनी माझं पत्र कुठूनतरी मिळवून वाचलं आणि बरेच दिवस माझ्याशी जरा जास्तच सौम्य बोलत होते, त्याचाही मला राग आला. विशाखा परदेशाहून आली, तिला सगळं कळलं, आणि ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, ‘‘हजेरीची वही. मला शंभर वर्षांत सुचलं नसतं.’’ मी म्हटलं, ते यमुनाने सांगितलं. ती म्हणाली, ‘‘तू विचारलंस ना पण.’’ ती हे मनापासून म्हणाली. माझा हेवा यामुळे कमी झाला असं मी लिहिलं तर ते वाचायला बरं वाटेल. झाला नाही. परवा तिचा दुसरा निबंध स्वीकारला गेल्याची बातमी मला तिच्या आधी माहीत होती, कारण परिषदेची यादी मी रोज उघडून बघत होते.

कॉलेजं सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी, एका सकाळी पावणेदहाला यमुना आली. नर्सिंगचा पांढरा गणवेश, केस घट्ट बांधलेले. यावेळी तिने दार वाजवलं. मला बघून हसली.

‘‘ये,’’ मी म्हटलं. ‘‘जमलं का तिथे?’’

‘‘जमलं. खाट खिडकीपाशी भेटली.’’ मग तिने खोलीत सगळीकडे नजर फिरवली. ‘‘मॅडम, रेक्टरबाईंनी तुमचं पत्र वाचून दाखवलं आमा पाचजनींना. त्या विशाखा मॅडम कुठं बसतात?’’

मी दोन टेबलं पलीकडे बोट दाखवलं. टेबल रिकामं होतं.

‘‘त्या साडेअकराला येतात.’’

‘‘मला त्यांना बघायचं व्हतं. थांबले तर चालंल?’’

‘‘तुझा क्लास?’’

‘‘बाराला हाये.’’

विशाखाच्या खुर्चीवर पुस्तकांचा ढीग होता. मी उठले, माझी खुर्ची ओढून तिला दिली आणि लॅपटॉप घेऊन फळ्याजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. ती दाराकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून बसली. जिन्यात पावलं वाजली की ती ताठ व्हायची आणि माझ्याकडे बघायची. मी मान हलवून नाही म्हणायचे. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी पावलं विशाखाची होती. मी ती ओळखते. मी यमुनाला म्हटलं, ‘‘आली,’’ आणि ती माझ्या खुर्चीतून उठून उभी राहिली.